सामान पुढेच गेलं

१४ एप्रिल, रविवार
त्सुशिमा

बाबा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. आज सकाळी रित्सु, मानामी आणि मी युरिनाच्या लग्नाच्या सामानाचा ट्रक बघायला गेलो. युरिना ही मानामीची मामेबहीण.
२. ट्रक दोन टनी होता. चारी बाजूंनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. चालक हात्तोरीकाका.
३. दहा बेचाळीसला कालव्याच्या बांधावर समोरून दुसरा ट्रक आला.
४. त्यालाही लाल-पांढरं कापड होतं.
५. दोघांपैकी कोणीही मागे जाईना.
६. एक तास पाच मिनिटांनी दोन्ही ट्रक मागे गेले.
७. सामान मात्र कोणाचंच मागे गेलं नाही.
८. यात मी एक काम केलं, जे नऊ वर्षांपूर्वी एकदा केलं होतं. ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे, असं मी आज दुपारपर्यंत समजत होते.
९. एक प्रश्न विचारायचा आहे. तो शेवटी.

सात वर्षांत मी तुम्हाला नव्या वर्षाची सात कार्डं पाठवली. तुम्हीही सात पाठवलीत. सगळी छापील होती. म्हणजे आपण दोघांनी मिळून एकमेकांना एकही वाक्य लिहिलेलं नाही. तेव्हा या पत्राची जाडी बघून घाबरू नका. आई बरी आहे, ताई बरी आहे, घर जागेवर आहे.

कायोताईच्या लग्नात तुम्ही चालवत असलेला सामानाचा ट्रक सत्तर मीटर मागे गेला. दोन वर्षांनी ताई सासर सोडून परत आली. त्याच महिन्यात तुम्ही ओवासेच्या लाकडाच्या वखारीत सहा महिन्यांच्या कामासाठी गेलात. त्या सहा महिन्यांना आता सात वर्षं झाली. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला ते एकदा कागदावर लिहून बघायचं होतं.

आता आजचं. ताई सध्या इचिनोमियात एका कॉफीच्या दुकानात काम करते, म्हणून आम्ही सकाळी आधी तिथेच गेलो. टोस्ट, उकडलेलं अंडं, कॉफी. रित्सु आमच्या मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढते. ती सेंदाईची, तिला इकडच्या रिती माहीत नाहीत. तिने विचारलं, "ट्रक मागे घ्यायचा नाही म्हणजे अजिबातच नाही? समोर भिंत आली तर?"

"भिंतीने बाजूला व्हायचं," मानामी म्हणाली. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे तिच्याकडे अशी उत्तरं तयार असतात.

"पण मागे घेतला तर होतं काय?"

ताई टोस्टला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "ट्रक मागे गेला की मुलगी मागे येते. बघ ना, मी आलेय. टोस्ट अजून एक?"

रित्सु हसली, ताई हसली. मी अंडं सोलत राहिले. खूप बारीक सोललं.

बाहेर हवा छान होती. चेरीचा बहर ओसरून गेला होता आणि पाकळ्या कालव्याच्या कडेला साचून गुलाबी साय धरली होती. बांधाच्या दोन्ही उतारांवर मोहरी फुलली होती. सगळ्यात पुढे ट्रक, त्यामागे युरिना आणि तिची शिगेआजी बसलेली घरची गाडी, शेवटी आम्ही. युरिना पूर्ण पांढऱ्या वेषात होती. रित्सुने खिडकीबाहेर डोकं काढून ट्रकवरच्या सामानाची यादी करायला घेतली होती: किरी लाकडाचं कपाट, धुण्याचं मशीन, गाद्या, "आणि तो मोठा खोका कसला? नवरा पळून गेला तर वापरायला दुसरा नवरा?"

तेवढ्यात ट्रक थांबला.

समोरचा ट्रकही थांबला. मधे चार मीटर. हात्तोरीकाकांनी काच खाली केली. समोरून एक पंचविशीतला चालक खाली उतरला, टोपी काढून वाकला आणि म्हणाला, "काका, लग्नाचं सामान आहे. आम्हाला मागे घेता यायचं नाही."

"मग माझ्या ट्रकमध्ये काय कोबी आहे?" हात्तोरीकाका म्हणाले.

मग समोरच्या ट्रकमागच्या गाडीतून काळ्या कोटातले एक आजोबा उतरले. त्यांचं नाव मिझुतानी. वाट सोडणाऱ्याला द्यायचं पाकीट त्यांनी खिशातून काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. इकडून युरिनाच्या वडिलांनीही आपलं पाकीट काढून पुढे धरलं. दोघे वाकले. दोघांनीही दुसऱ्याचं घेतलं नाही. पुन्हा वाकले. हे पाच वेळा झालं. मी मोजलं.

"आता इथेच संसार थाटा," रित्सु म्हणाली. "सामान सगळं आहेच."

मानामीने मला कोपराने ढोसलं. "तू काहीतरी मोज. मोजल्याशिवाय तुला सुचत नाही."

मी पिशवीतून टेप काढला.

"सहलीला टेप कोण आणतं?" रित्सु म्हणाली.

"मी आणते."

रस्ता तीन मीटर वीस सेंटिमीटर. ट्रक प्रत्येकी एक मीटर सत्तर, आरसे मिटून. वीस सेंटिमीटर कमी पडत होते. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला दोन मीटर खाली शेत. गाडी बाजूला घेण्याची जागा आमच्या मागे तीनशे चाळीस मीटरवर, त्यांच्या मागे चारशे दहावर. मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. कोणाला काही बोध झाला नाही.

शिगेआजी गाडीतून काठी टेकत आल्या. "म्हणजे वीस सेंटिमीटरसाठी दोन पोरी बिनलग्नाच्या राहणार?"

तेव्हा मी म्हटलं, "सामानाची अदलाबदल करू या."

मग पुढे समजावलं. त्यांचं सामान आमच्या ट्रकवर चढवायचं, आमचं त्यांच्या. मग दोन्ही ट्रक मागे घ्यायचे. आमचा ट्रक मागे येईल, पण त्याच्यावर त्यांचं सामान असेल आणि त्यांना इकडेच जायचं आहे. त्यांचा ट्रक मागे जाईल, तिकडे युरिनाचं सासर. जागा मिळाली की ट्रक वळवून सरळ जायचं.

मिझुतानी आजोबांनी दोन्ही ट्रककडे आळीपाळीने बघितलं. "पण ट्रक मागे जाणार."

"ट्रक जाणार. सामान सासरकडेच जाणार."

"पाठमोरं."

"आजोबा, कपाटच आहे," रित्सु मागून म्हणाली. "पाठमोरं गेलं तर काय बिघडलं? शेवटी भिंतीलाच लावायचंय."

आजोबांना ते पटलं नव्हतं. त्यांनी शिगेआजींकडे बघितलं, कारण तिथे त्यांच्याहून मोठं तेवढंच एक माणूस होतं. आजी म्हणाल्या, "माझं सामान सहा माणसांनी खांद्यावरून नेलं. वाटेत दोनदा खांदे बदलले. खांदे बदलले म्हणून कोणी मला परत पाठवलं नाही. हे तसंच. उचला."

मग आम्ही उचललं. काळ्या किमोनोतल्या काकवा, कोटातले काका, आम्ही तिघी, दोन्ही चालक. कपाटाचे खण वेगळे काढून एकामागून एक हातोहात नेले. धुण्याची मशीनं दोन्हीकडची एकाच कंपनीची निघाली, तेव्हा मी दोन्हींवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. दुसऱ्या गाडीतून त्यांची नवरीही उतरली. तीही पूर्ण पांढऱ्या वेषात. दोघी एकमेकींसमोर आल्या आणि वाकल्या. डोक्यावरचे जड पांढरे टोप सांभाळत वाकायचं म्हणजे वेळ लागतो. मग युरिना म्हणाली, "तुमचंही आजच का?" आणि दोघींना जे हसू फुटलं ते थांबेना. आपापला भात शिजवायचा कुकर उचलून आणण्याचा दोघींनी हट्ट धरला. आजी ओरडत होत्या, "बाह्या! बाह्या मळतील!" कुकर मधे रस्त्यावर ठेवून, मोहरीकडे तोंड करून, दोघींनी फोटो काढून घेतला.

तो फोटो सोबत आहे. उजवीकडच्या कोपऱ्यात वाकून टेप गुंडाळणारी मी आहे.

युरिनाच्या सासरी लोक तासभर ताटकळले होते. उशीर झाला म्हणून सासऱ्यांनी रीतीप्रमाणे गच्चीवरून लोकांत फेकायचा खाऊ दुप्पट केला. शेजारच्या बायका एप्रन पसरून, रित्सु छत्री उलटी धरून. रित्सुला एकवीस पाकिटं मिळाली, मानामीला नऊ, मला एक. ते थेट डोक्यावर आलं. कोळंबीच्या चकत्या आहेत, त्याही सोबत पाठवते. चुरा झाला असेल तर तो माझ्या डोक्याने झाला आहे, पोस्टाने नाही.

१५ एप्रिल, सोमवार

काल एक भाग गाळला. ट्रक मागे कसा आला तो.

कापडामुळे हात्तोरीकाकांना ट्रकच्या थेट मागचं काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मागे कोणीतरी उभं राहायला हवं. सरळ हात दाखवणारं." मानामी म्हणाली तिला भीती वाटते. रित्सुला स्वतःची गाडी मागे न्यायची होती. मग मी गेले.

मी या नऊ वर्षांत कोणाच्याही गाडीमागे उभी राहिलेले नाही. ऑफिसची गाडी मागे घ्यायची असली तर मी आत बसून राहते.

"येऊ द्या, येऊ द्या." पहिले पन्नास मीटर फक्त हात हलवले. नंतर आवाजही दिला. कालव्याकडचं चाक कडेपासून चाळीस सेंटिमीटरवर ठेवलं. एका ठिकाणी बांध थोडा वळतो, तिथे तीन वेळा थांबवलं. तीनशे चाळीस मीटरला सोळा मिनिटं लागली. "बस," म्हटल्यावर काकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि आधी चाकं बघितली. मग मला बघितलं.

"तू इनागाकीची धाकटी का?"

मी हो म्हटलं.

"वाटलंच. थांबायचं सांगताना मूठ मिटतेस. इनागाकीने करून दाखवलं होतं." त्यांनी हात वर करून मूठ मिटली. अगदी माझ्यासारखी. "थोरलीच्या लग्नानंतर दोन महिने आमच्या ट्रक डेपोत दुसरं बोलणं नाही. माझ्या पोरीने सत्तर मीटर मागे आणलं, आंधळ्या वळणावरून, गवताला चाक लागू दिलं नाही. मी म्हटलं, अरे बाबा, लग्नाचा ट्रक मागे गेला ते कसलं कौतुक सांगतोस? तर म्हणाला, ते वेगळं आणि हे वेगळं."

मी त्यांना धन्यवाद म्हटलं. ते ट्रकमध्ये बसून मिझुतानींचं सामान घेऊन गेले, आणि मी बांधावर पाच मिनिटं उभी होते. रित्सुने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

बाबा, आता नऊ वर्षांपूर्वीचं लिहिते. ताईची गाडी अजून मागून यायची होती. समोरून रुग्णवाहिका आली. तिच्या मागे तीन गाड्या होत्या. तुम्ही हँडब्रेक ओढलात आणि म्हणालात, "लग्नाचं सामान आहे, त्यांना मागे जाऊ दे." मी शेजारच्या सीटवर होते. मी म्हटलं, "त्या चार गाड्या आहेत आणि आपण एक. मागे घ्या." तुम्ही नाही म्हणालात. मी दार उघडून खाली उतरले, ट्रकच्या मागे गेले आणि हात करायला लागले. तुम्ही आरशात माझ्याकडे बघितलंत. मग ट्रक हलला.

म्हणजे ट्रक मी मागे घेतला.

घरी काकूंनी विचारलं, "कोणी घेतला मागे?" तुम्ही म्हणालात, "मी." मी चहाचा ट्रे धरून तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते.

ताई परत आल्यावर एकदा आई जेवताना म्हणाली, "ट्रक मागे गेला तेव्हाच मला कळलं होतं." तुम्ही काड्या खाली ठेवल्यात. मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी सोया सॉस मागितला.

मला अशा गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. तेव्हाही वाटत नव्हत्या. म्हणून मी स्वतःला सांगत होते की जे खरंच नाही त्याची कबुली कशाला द्यायची. हे कारण चांगलं होतं. सात वर्षं पुरलं.

१७ एप्रिल, बुधवार

दोन बातम्या.

पहिली. भाताचे कुकर बदलले. फोटोसाठी रस्त्यावर ठेवले होते तेव्हा. चिकटपट्टी मी मशीनवर लावली, कुकरवर नाही, ही माझी चूक. युरिनाला सोमवारी सकाळी कळलं, कारण तिचा साडेपाच वाट्यांचा होता आणि हा दहाचा. तिने त्या दुसऱ्या नवरीला, मिझुतानींच्या नातीला, फोन केला. पण सामान परत पाठवायचं नाही, हीही रीत आहेच. शिगेआजी म्हणाल्या, "परत आणलंस तर मी जेवणार नाही." शेवटी दोघींनी असं ठरवलं की दर वर्षी एप्रिलमध्ये बांधावर भेटायचं आणि आपापल्या मूळ कुकरमधला भात खायचा. मानामी, रित्सु आणि मलाही बोलावलं आहे. रित्सु विचारते आहे की एवढा मोठा कुकर आला म्हणून युरिना मुलंही तेवढी होऊ देणार का.

दुसरी. मी ताईला सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना, काउंटरपाशी उभी राहून. पाठ करून गेले होते, तीन वाक्यं होती. तिसऱ्या वाक्याला ताई हसायला लागली आणि इतका वेळ हसली की टोस्ट करपला.

"अगं, मी परत आले कारण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतं. तो रविवारी नळ दुरुस्त करायचा. न बिघडलेले. ट्रकचा काय संबंध?"

"मग आई बोलत होती तेव्हा तू काही म्हणाली का नाहीस?"

ताईचं हसू थांबलं. "ट्रकमुळे मोडलं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नव्हतं ना." मग करपलेला टोस्ट खरवडत म्हणाली, "आपण दोघींनी मिळून बिचाऱ्या बाबांना चांगलंच पुढे केलं."

तिने तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे: अजून रेडिओवरच्या गाण्यांबरोबर चुकीचे शब्द म्हणता का?

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. माझं बोलून संपेपर्यंत सोलत राहिली. मग म्हणाली, "सोया सॉस मागितला होतास तू." म्हणजे तिलाही आठवतं. थोड्या वेळाने म्हणाली, तुमचा जाड कोट अजून कपाटात आहे, त्याला ऊन दाखवायला हवं. एप्रिलमध्ये कोट कसा आठवला, हे मी विचारलं नाही. आज तो बाहेर दोरीवर आहे.

२१ एप्रिल, रविवार

आता नववी बाब.

माझं लग्न ३ नोव्हेंबरला आहे. त्याचं नाव इसामु. तो पाण्याच्या दारांवर काम करतो, कालव्यांची पातळी मोजतो. आमची ओळख एका आकड्यावरून झाली. त्याचा आणि माझा चार सेंटिमीटरने जुळत नव्हता. चूक त्याची होती, त्याने दुसऱ्या दिवशी येऊन मान्य केली. तुम्हाला आवडेल असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

त्याचं घर यातोमीला, सोनेरी माशांच्या तळ्यांच्या मागे आहे. शेवटचा रस्ता सहाशे वीस मीटरचा. रुंदी दोन मीटर सत्तर. दोन्हीकडे तळी. बाजूला घ्यायला एकही जागा नाही. मी दोनदा मोजला.

सामान थोडं आहे. किरीचं कपाट नाही. पुस्तकांचं एक कपाट, गादी, मोजणीची तिपाई, आईने घेतलेलं धुण्याचं मशीन. छोट्या ट्रकमध्येही मावेल, पण मला दोन टनीच हवा आहे, लाल-पांढऱ्या कापडाचा. मला या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत हे आधी लिहिलंच आहे. तरी हवा आहे.

ट्रक तुम्ही चालवाल का?

नवरी मागच्या गाडीत बसते. मी ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसेन, शिगेआजींना विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, टोप मावला तर बस. टोपाची उंची आणि ट्रकच्या छताची उंची मी बघितली आहे, सहा सेंटिमीटर शिल्लक राहतात. समोरून कोणी आलं आणि त्यांचं काम आपल्यापेक्षा महत्त्वाचं असलं, तर मी खाली उतरेन आणि मागे उभी राहून हात करेन. पांढऱ्या कपड्यांत मी आरशात नीट दिसेन. आणि पोचल्यावर कोणी विचारलं, कोणी घेतला मागे, तर या वेळी उत्तर मी देईन.

३ नोव्हेंबरसाठी हात्तोरीकाका त्यांचा ट्रक दुसऱ्या कोणाला देण्याआधी १० मेपर्यंत आपली वाट बघणार आहेत. त्याआधी कळवा. पत्ता पाकिटामागे आहे. कार्डावर हो किंवा नाही एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण हाताने लिहा.

तोमोए